चिठ्ठीविना झोप

माझी आत्या चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी रस्त्यात भेटला तरी ती त्याला नावानं हाक मारायची, वर त्याच्या धाकट्या भावाचीही चौकशी करायची. काही वर्षांपूर्वी दिवाळीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. एकदा नाही, दोनदा. रात्री अंगणात कुणीतरी उभं आहे असं तिला वाटायचं. सकाळी ती बराच वेळ गुंगीत असायची. वय ७४. घरातल्या सगळ्यांच्या मनात एकाच आजाराचं नाव होतं आणि ते कुणी उच्चारत नव्हतं.

डॉक्टरांनी तपासण्या सांगण्याआधी एक साधी गोष्ट सांगितली, “घरात त्यांच्या जेवढ्या गोळ्या असतील तेवढ्या सगळ्या पिशवीत घालून आणा.” पिशवीत रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, कॅल्शियम होतं आणि सर्दीच्या गोळ्यांची चार पाकिटं होती. आत्याला सर्दी नव्हती. “ती घेतली की झोप लागते,” ती म्हणाली. “झोपेची गोळी नाही काही ती. साधी सर्दीची आहे. दुकानात चिठ्ठीसुद्धा मागत नाहीत.”

ती गोळी बंद केली. दोन आठवड्यांत आत्या मला माझ्या नावानं हाक मारू लागली.

“चिठ्ठी मागत नाहीत, म्हणजे निर्धोक आहे” हे तिचं अनुमान आपल्यापैकी बहुतेकांचं असतं. माझं संशोधन रसायनशास्त्रातलं, तरी मीही त्या पाकिटांकडे कधी संशयानं पाहिलं नव्हतं. म्हणून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या औषधांचा इतिहास मी शोधून वाचला. त्यातून जे समजलं ते थोडक्यात असं: एखादं औषध निर्धोक ठरतं, म्हणजे त्या काळी जे प्रश्न विचारले गेले त्यांची उत्तरं समाधानकारक आली, एवढाच त्याचा अर्थ. जे प्रश्न कुणाला सुचलेच नाहीत, त्यांची उत्तरं पुढे औषध घेणाऱ्यांनी दिली.

बाळागोळी

सुरुवात आपल्या जवळच्याच उदाहरणानं करू. मुंबईच्या कापडगिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी हजारो स्त्रिया काम करत. पाळी दहा-अकरा तासांची. घरी किंवा गिरणीच्या आवारात ठेवलेल्या तान्ह्या मुलाचं काय करायचं? उपाय बाजारात होता आणि स्वस्त होता. बाळागोळी. तिच्यात अफू असे. गोळी दिली की मूल आई परत येईपर्यंत निपचित पडून राही. १९२२ साली डॉ. बार्न्स या सरकारनं नेमलेल्या स्त्री डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते असं त्यांनी नोंदवलं.

हे केवळ मुंबईत घडत होतं असं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या गिरणगावांत ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ नावाचं अफूचं गोड सरबत याच कामासाठी विकलं जाई. अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ होतं, त्यात मॉर्फिन असे. १९०६ साली अमेरिकेत कायदा झाला आणि मॉर्फिन, अफू यांसारखे पदार्थ औषधात असतील तर ते बाटलीवर छापणं सक्तीचं झालं. तोपर्यंत आपण मुलाला काय पाजतो आहोत हे आईला कळायचा मार्गच नव्हता.

अफूनं मूल झोपतं, पण त्याचबरोबर त्याचा श्वास मंदावतो आणि भूक मरते. भूक मेलेलं मूल रडत नाही आणि न रडणाऱ्या मुलाला दूधही कमी मिळतं. यातली काही मुलं श्वास थांबून गेली, तर काही हळूहळू उपासमारीनं. त्यांच्या मृत्यूच्या नोंदीत अफूचं नाव क्वचितच आलं असेल.

या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बाळाला झोपेचा आजार नव्हताच. अडचण होती आईच्या कामाच्या तासांची. म्हणून उत्तरही दुसऱ्या गोळीत नव्हतं. ते पाळणाघरांत होतं, बाळंतपणाच्या रजेत होतं. मुंबई प्रांतात १९२९ साली प्रसूतीलाभाचा कायदा झाला, तो या दिशेनं टाकलेलं एक पाऊल होता.

न संपणारी मात्रा

दुसरं उदाहरण ब्रोमाइडचं. हे मला शाळेत शिकवण्याच्या दृष्टीनं फार आवडतं, कारण त्यात आवर्तसारणीही आहे आणि गणितही आहे.

फ्रान्समधल्या माँपेलिए इथं आंत्वान बालार या तरुण रसायनशास्त्रज्ञानं १८२६ साली मिठागराच्या पाण्यातून ब्रोमीन हे मूलद्रव्य वेगळं केलं. १८५७ साली लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक या डॉक्टरांनी पोटॅशियम ब्रोमाइडनं काही प्रकारचे अपस्माराचे झटके आटोक्यात येतात असं सांगितलं. ज्या औषधानं झटके शांत होतात त्यानं मनही शांत होईल, झोपही येईल, असा तर्क झाला आणि तो बरोबरही निघाला. पुढची शंभर वर्षं ब्रोमाइड घराघरांत पोचलं. अमेरिकेत ‘ब्रोमो-सेल्टझर’ नावाची फसफसणारी पूड १८८८ पासून डोकेदुखीसाठी आणि अस्वस्थपणासाठी विकली जाई. तिच्यातलं ब्रोमाइड १९७५ साली काढून टाकण्यात आलं.

एक मात्रा घेऊन पाहिली तर ब्रोमाइड अगदी निरुपद्रवी वाटे. थोडी गुंगी, बस्स. घोटाळा रोज घेण्यात होता. क्लोरीन आणि ब्रोमीन आवर्तसारणीत एकाच गणात, एकाखाली एक आहेत. त्यांचे आयन वागायलाही सारखे. आपल्या मूत्रपिंडांना क्लोराइड जपून ठेवायची सवय, कारण ते शरीराला हवं असतं. ब्रोमाइडलाही ती क्लोराइडसारखीच वागणूक देतात आणि शरीरात राखून ठेवतात. त्यामुळे ब्रोमाइडचं शरीरातलं अर्धायुष्य सुमारे १२ दिवसांचं आहे. म्हणजे आज घेतलेल्या मात्रेतली निम्मी १२ दिवसांनीही अंगात असते.

आता मुलांना हे गणित करायला द्या. रोज एक मात्रा घेतली आणि दररोज शिल्लक साठ्याच्या ९४.४ टक्के उरत गेलं, तर अंगात किती साठेल? बारा दिवसांनी सुमारे ९ मात्रा. चोवीस दिवसांनी सुमारे १३. दोन महिन्यांनी १७. शेवटी साठा १८ मात्रांच्या आसपास स्थिरावतो. म्हणजे माणूस एक चमचा घेतो आहे असं समजत असतो आणि अंगात अठरा चमचे वावरत असतात.

एवढ्या साठ्याचे परिणाम म्हणजे जड जीभ, तोल जाणं, विसरभोळेपणा, भास होणं, कधी अंगावर पुरळ. या अवस्थेला ‘ब्रोमिझम’ हे नाव मिळालं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत दाखल होणाऱ्यांमध्ये असे रोगी चांगल्याच संख्येनं असत. त्यात आणखी गुंता असा, की भ्रमिष्ट झालेल्या माणसाला शांत करण्यासाठी पुन्हा ब्रोमाइडच दिलं जाई. इंग्रज कादंबरीकार एव्हलिन वॉ १९५४ साली बोटीच्या प्रवासात आवाज ऐकू येऊन हैराण झाले होते. झोपेसाठी ते ब्रोमाइड आणि क्लोरल घेत असत. आपल्या या अनुभवावर त्यांनी पुढे एक कादंबरीच लिहिली.

ब्रोमिझमवरचा उपाय मात्र त्याच रसायनशास्त्रातून आला. रोग्याला साधं मीठ आणि भरपूर पाणी द्यायचं. क्लोराइड वाढलं की मूत्रपिंडं ब्रोमाइड सोडून देतात.

ब्रोमाइडनं शिकवलेला प्रश्न असा: औषध अंगात किती काळ राहतं?

“याची प्राणघातक मात्राच नाही”

१९०३ मध्ये जर्मनीत एमिल फिशर आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी बार्बिटाल हे झोपेचं औषध जगापुढे आणलं. ‘व्हेरोनाल’ या नावानं ते विकलं जाऊ लागलं आणि त्याच्या भाऊबंदांचं, म्हणजे बार्बिट्युरेट गटाचं, राज्य पुढची पन्नास वर्षं चाललं. गुण चांगला येई, पण झोप आणणारी मात्रा आणि जीव घेणारी मात्रा यांच्यात अंतर थोडं. चुकून जास्त गोळ्या घेऊन किंवा जाणूनबुजून घेऊन असंख्य लोक गेले. त्यामुळे पन्नासच्या दशकात झोपेच्या औषधाकडून सर्वांत मोठी अपेक्षा एकच होती. जास्त घेतली तरी माणूस मरता कामा नये.

पश्चिम जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीला असं औषध सापडलं. थॅलिडोमाइड. उंदरांना कितीही दिलं तरी ते मरत नव्हते. मारक मात्रा सापडतच नव्हती. १ ऑक्टोबर १९५७ ला हे औषध ‘कॉन्टरगान’ या नावानं बाजारात आलं, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. जर्मनीत ते पाहता पाहता सर्वांत खपाचं झोपेचं औषध बनलं. त्याचं पातळ रूप मुलांसाठी होतं. आईवडिलांनी मुलांना ते पाजून निश्चिंतपणे सिनेमाला जावं, म्हणून लोक त्याला गमतीनं ‘सिनेमाचं सरबत’ म्हणत. बाळागोळीची आठवण यावी असंच हे होतं. गर्भवती स्त्रियांनाही ते झोपेसाठी आणि मळमळीसाठी दिलं जाई.

१९५९ पासून तक्रारी येऊ लागल्या. बरेच महिने गोळी घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येत, बधिरपणा येई आणि औषध बंद केल्यावरही तो पूर्ण जात नसे. लेस्ली फ्लॉरेन्स या डॉक्टरांनी डिसेंबर १९६० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलला छोटंसं पत्र लिहून विचारलं, की याला थॅलिडोमाइड तर कारण नाही ना?

हे पत्र अटलांटिकच्या पलीकडे एका बाईंच्या वाचनात आलं. डॉ. फ्रान्सिस केल्सी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि थॅलिडोमाइडच्या परवानगीचा अर्ज सप्टेंबर १९६० पासून त्यांच्या टेबलावर होता. माणसाला झोपवणारं हे औषध प्राण्यांना का झोपवत नाही, हे त्यांना खटकलं होतं. प्राण्यांच्या अंगात ते शोषलंच जात नसेल तर त्यांच्या जगण्यावरून काय सिद्ध होतं? फ्लॉरेन्स यांचं पत्र वाचल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न जोडला. मज्जातंतूंना इजा करणारं औषध गर्भाला काय करतं? युद्धकाळात हिवतापाच्या औषधांवर काम करताना त्यांनी पाहिलं होतं, की ससा ज्या क्विनिनची विल्हेवाट सहज लावतो, ते त्याच्या गर्भाला जमत नाही. कंपनीकडून वारंवार तगादा येऊनही त्यांनी सही केली नाही.

जर्मनीत हॅम्बुर्गचे बालरोगतज्ज्ञ विडुकिंड लेंझ हात-पाय नीट न वाढलेली बाळं का जन्माला येत आहेत, याचा शोध घरोघर फिरून घेत होते. आयांना ते पुन्हा पुन्हा विचारत, गरोदरपणी काय काय घेतलंत? अनेकींना पहिल्यांदा कॉन्टरगान आठवतच नसे. ती गोळी त्यांच्या लेखी औषधच नव्हती. नोव्हेंबर १९६१ च्या मध्यास लेंझ यांनी कंपनीला सावध केलं. वर्तमानपत्रात बातमी आली आणि २७ नोव्हेंबरला औषध बाजारातून काढलं गेलं. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनीही हीच शंका मांडली होती. जगभरात सुमारे दहा हजार मुलं या औषधामुळे व्यंग घेऊन जन्मली. त्यातली कितीतरी पहिल्या वर्षातच गेली. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांच्या दरम्यान घेतलेली एखादी गोळीही पुरेशी ठरत असे. अनेकींना तोवर आपण गरोदर आहोत हेसुद्धा कळलेलं नसतं.

उंदरांचा गर्भ थॅलिडोमाइडला दाद देत नाही, सशाचा देतो, हे नंतर तपासल्यावर कळलं. ते गर्भातल्या ‘सेरेब्लॉन’ नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि त्यामुळे वाढ बिघडते, हे तर जपानी शास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवलं. १९५७ साली “किती घेतल्यावर मरण येतं?” हा प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचं उत्तर खरंच होतं. चुकीचं होतं ते, फक्त तेवढाच प्रश्न विचारणं.

दुष्परिणामाचं रूपांतर

आता आत्याच्या गोळीकडे येऊ.

शिंका, नाक गळणं, अंगावर गांधी उठणं यांमागे शरीरातलं हिस्टामिन हे रसायन असतं. त्याला अडवणारं पहिलं औषध दानिएल बोवे यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९३७ साली शोधलं. त्यांना १९५७ चं नोबेल पारितोषिक मिळालं. १९४३ साली अमेरिकेत सिनसिनाटीला जॉर्ज रिव्हशल यांनी डायफेनहायड्रामिन तयार केलं. त्यांना हवं होतं स्नायू सैल करणारं औषध. मिळालं ते हिस्टामिनला अडवणारं. १९४६ पासून ते ‘बेनाड्रिल’ या नावानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागलं. त्याच्याबद्दलची मुख्य तक्रार एकच होती, ती म्हणजे झोप येते.

झोप का येते, याचं उत्तर एका साथीत दडलेलं होतं. १९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नात कोन्स्टांटिन फॉन एकोनोमो यांच्याकडे विचित्र रोगी येऊ लागले. काही दिवसच्या दिवस झोपून राहत. काहींना झोपच येत नसे. मृत रोग्यांचे मेंदू तपासताना त्यांना दिसलं, की झोपाळू रोग्यांच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला आहे आणि निद्रानाश झालेल्यांचा पुढचा. म्हणजे मागच्या भागात आपल्याला जागं ठेवणारं काहीतरी असावं. ते काय, हे कळायला १९८४ साल उजाडावं लागलं. मेंदूतलं हिस्टामिन तयार करणाऱ्या पेशी नेमक्या तिथेच सापडल्या. नाकात हिस्टामिन शिंका आणतं, मेंदूत ते आपल्याला जागं ठेवतं. जुन्या पिढीतली हिस्टामिनरोधक औषधं रक्तातून मेंदूत शिरतात आणि तिथलंही हिस्टामिन अडवतात.

औषध कंपन्यांना हे कारण माहीत नव्हतं, पण परिणाम माहीत होता. दिवसा जो दुष्परिणाम, तोच रात्री गुण. पन्नासच्या दशकापासून अमेरिकेत मेथापायरिलिन हे हिस्टामिनरोधक ‘सोमिनेक्स’, ‘नायटॉल’ अशा नावांनी झोपेची गोळी म्हणून चिठ्ठीशिवाय विकलं जाऊ लागलं. ते पंचवीसएक वर्षं चाललं. मग विल्यम लिजिन्स्की या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. नायट्राइटबरोबर संयोग होऊन त्यातून कर्करोगकारक नायट्रोसामिन बनतात का, हे त्यांना पाहायचं होतं. पण नायट्राइट न देता नुसतं औषध दिलेल्या उंदरांनाही यकृताच्या गाठी झाल्या. १९७९ साली मेथापायरिलिन बाजारातून गेलं. माणसांत त्यानं कर्करोग झाल्याचं पुढे सिद्ध झालं नाही. तरी लाखो लोकांनी वर्षानुवर्षं घेतलेल्या औषधाची ही चाचणी तोवर झालेलीच नव्हती, हे खरं.

त्याची रिकामी जागा डायफेनहायड्रामिननं घेतली. १९८२ साली अमेरिकेत त्याला चिठ्ठीशिवाय विकायच्या झोपेच्या गोळीची मान्यता मिळाली.

ते काम करतं का? पहिल्या रात्री करतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी पुरुषांना दिवसातून दोनदा ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामिन दिलं. पहिल्या दिवशी ते पेंगुळले. चौथ्या दिवशी त्यांच्यात आणि औषध नसलेली तशीच गोळी घेणाऱ्यांत फरक उरला नाही. शरीराला सवय होते ती इतकी लवकर.

आणि इथेही अर्धायुष्याचं गणित आहेच. तरुण माणसात डायफेनहायड्रामिनचं अर्धायुष्य सुमारे ९ तास, वृद्धांत सुमारे साडेतेरा तास. रात्री दहाला ५० मिलिग्रॅम घेतलं, तर सकाळी सातला तरुणाच्या अंगात अदमासे २५ आणि वृद्धाच्या अंगात ३१ मिलिग्रॅम उरतं. शिवाय हे औषध हिस्टामिनवर थांबत नाही. स्मरणशक्तीसाठी लागणाऱ्या ॲसिटिलकोलिन या रसायनालाही ते अडवतं. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, गोंधळलेपण ही त्याचीच लक्षणं. वृद्धांच्या मेंदूत ॲसिटिलकोलिन आधीच कमी झालेलं असतं. म्हणून वृद्धांना ही औषधं देऊ नयेत असं आता तज्ज्ञांच्या शिफारशींत स्पष्ट लिहिलेलं असतं. आत्याची गोळी याच जुन्या कुळातली होती. आपल्याकडे हिस्टामिनरोधक औषधं ‘शेड्यूल जी’मध्ये येतात. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे, अशी सूचना वेष्टनावर असते. अगदी बारीक अक्षरात आणि इंग्रजीत.

“नैसर्गिक आहे”

मग नैसर्गिक काहीतरी घ्यावं, असं कुणी म्हणेल. दुधात चिमूटभर जायफळ आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तेवढ्यानं अपाय होत नाही, पण जास्त झोप यावी म्हणून चमचाभर घेतलं तर धडधड, उलट्या, भास होतात. मात्रेचा नियम नैसर्गिक पदार्थांनाही लागू असतो.

मेलाटोनिन हे तर आपल्याच मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीचं संप्रेरक. ते १९५८ साली येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी वेगळं केलं. त्यांना कोडासारख्या आजारांसाठी त्वचेचा रंग बदलणारा पदार्थ हवा होता. पुढे कळलं, की अंधार पडल्याची वर्दी शरीराला देणं हे मेलाटोनिनचं काम. म्हणून लांबच्या विमानप्रवासानंतर बिघडलेलं घड्याळ लावायला ते उपयोगी पडतं. नेहमीच्या निद्रानाशात मात्र फायदा थोडा. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१३ साली मांडला गेला, तेव्हा झोप लागण्याचा वेळ सरासरी सात मिनिटांनी कमी झालेला दिसला. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं ते पूरक आहार म्हणून खुलं झालं. तशाच प्रकारे विकल्या जाणाऱ्या ३१ उत्पादनांची कॅनडात तपासणी झाली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. कुठे छापलेल्या मात्रेपेक्षा ८३ टक्के कमी मेलाटोनिन होतं, तर कुठे ४७८ टक्के जास्त. चिठ्ठी नसते तिथे मोजमापही सैल असू शकतं, हा आणखी एक धडा.

दुकानात न मिळणारा उपाय

मग चिठ्ठीशिवाय झोपेसाठी काहीच नाही का? आहे. त्याचा इतिहास पन्नास वर्षांचाच आहे आणि तो बाटलीत भरता येत नाही.

१९७२ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी पाव्हलॉव्हच्या कुत्र्याचं तत्त्व अंथरुणाला लावलं. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तसं झोप न येणाऱ्या माणसाला अंथरूण दिसलं की काळजी सुटते. कारण रोज रात्री तो तिथं पडून तळमळलेला असतो. हे नातं तोडायचं. झोप आली तरच अंथरुणावर जायचं. वीसएक मिनिटांत लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. सकाळी मात्र रोज ठरल्या वेळी उठायचं, रात्र कशीही गेलेली असो.

१९८७ साली आर्थर स्पीलमन यांनी आणखी उलटी वाटणारी गोष्ट सुचवली. समजा तुम्ही साडेआठ तास अंथरुणात असता आणि झोपता साडेपाच तास. मग अंथरुणात राहायचंच साडेपाच तास. काही दिवसांत झोप सलग होते, मग वेळ हळूहळू वाढवायची. पहिला आठवडा त्रासाचा जातो. त्या काळात वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी जपायला हवं. अपस्मार किंवा तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांनी हा उपाय आपला आपण करू नये. मोठ्यानं घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडणाऱ्यांनी तर आधी डॉक्टरांकडेच जावं.

या पद्धती आणि झोपेबद्दलच्या भीतीवर बोलून केलेलं काम, असं मिळून जे उपचार बनले ते अनेक चाचण्यांत तपासले गेले. २०१६ साली अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं दीर्घकाळच्या निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी यांचीच शिफारस केली. उलट डायफेनहायड्रामिन आणि मेलाटोनिन दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी वापरू नये, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ साली सुचवलं.

आत्याशी बोलल्यावर कळलं, की निवृत्तीनंतर ती दुपारी दोन तास झोपायची आणि रात्री साडेआठला अंथरुणावर पडायची. झोप अकराशिवाय येत नसे. मधल्या अडीच तासांवर ती औषध शोधत होती. आता दुपारची झोप बंद आहे आणि रात्री साडेदहापर्यंत ती शेजारच्या दोन मुलींचा अभ्यास घेते. सगळ्याच रात्री चांगल्या जात नाहीत, असं ती सांगते. पण मुलींची नावं चुकत नाहीत.

वर्गात करून पाहण्यासाठी एक सुचवते. आठवी-नववीच्या मुलांना घरातल्या चिठ्ठीशिवाय आणलेल्या औषधांची यादी करायला सांगा. नुसती वेष्टनं वाचायची, हात लावायचा नाही आणि घरच्यांना विचारूनच. प्रत्येक औषधापुढे चार रकाने आखा. हे कशासाठी बनवलं गेलं आणि आपण कशासाठी घेतो? अंगात किती वेळ राहतं? रोज घेतलं तर काय होईल? म्हाताऱ्यांसाठी, लहानांसाठी, गरोदर बाईसाठी वेगळं काही लिहिलं आहे का? बरेच रकाने रिकामे राहतील. कोणते राहिले याची चर्चा वर्गात करा आणि ती यादी मुलांना परत घरी न्यायला सांगा, आजी-आजोबांना वाचून दाखवण्यासाठी.